पाऊलखुणांचे वाचन : लांडगा, कोल्हा आणि खोकड

(शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत मला परिसर अभ्यासाच्या अध्यापनावर बोलावयास सांगण्यात आले आहे. हा विषय फार मोठा आहे, आणि त्यावर सर्वसाधारण बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून त्यातला एक लहानसा कोपरा मी निवडला आहे. आपल्या शाळेसमोरून जाणारी गाडीवाट पहाटे फुफाट्याने भरलेली असते आणि त्या फुफाट्यावर रात्रभरात कोण कोण येऊन गेले याची नोंद पडलेली असते. पहिली गाडी किंवा पहिली मोटारसायकल गेली की ती नोंद पुसली जाते. ती पुसण्यापूर्वी कशी वाचावी, आणि वाचता वाचता जनावराच्या बिळापर्यंत कसे पोहोचावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

हा विषय आजच का, असे कोणी विचारील. सध्या पौष महिना चालू आहे. लांडगीची पिल्ले हिवाळ्यात होतात. ती या दिवसांत बिळात असतात. खोकडाची पिल्ले आता जन्मास येऊ लागतील आणि त्यांच्या मागून, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोल्ह्याची. म्हणजे आजपासून पुढचे तीन-चार महिने आपल्या माळांवर, ओढ्यांच्या दरडींत आणि उसाच्या फडांत ही बाळंतिणींची वस्ती राहणार. याच दिवसांत धनगरांचे वाडे रानोमाळ बसलेले असतात. एखादे कोकरू गेले की गावातले दहा तरुण काठ्या घेऊन निघतात, दिसेल त्या बिळात काटेरी फांद्या कोंबून धूर कोंडतात. ते बीळ कोणाचे होते, कोकरू कोणी नेले, ही चौकशी क्वचितच होते. ती व्हावी, आणि ती करू शकणारी दोन-चार मुले प्रत्येक गावात तयार असावीत, असे मला वाटते.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. आपण कोल्ह्याला द्राक्षे आंबट म्हणतो, आणि पुस्तकातला चित्रकार त्या कोल्ह्याच्या ठिकाणी तांबडालाल, झुपकेदार शेपटीचा विलायती प्राणी काढून देतो. तो प्राणी आपल्या माळावर नाही. आपल्याकडे या कुळातले तीन रहिवासी मुख्य. लांडगा सर्वांत मोठा, वजनाने साधारण वीस किलोच्या आसपास, उंच पायांचा, करड्या-भुऱ्या रंगाचा. कोल्हा त्याच्या निम्म्याहून कमी, आठ-दहा किलोंचा. रात्री कुई देतो तो हाच. आणि खोकड, ज्याला विदर्भाकडे लोमडी म्हणतात, तो जेमतेम दोन-तीन किलोंचा, मांजराहून थोडा मोठा, टोकदार तोंडाचा, लांब शेपटीचा आणि शेपटीच्या टोकाशी काळा. पुष्कळ गावांत कोल्हा आणि खोकड या दोघांनाही एकाच नावाने हाक मारतात. मुलांना हा भेद आधी शिकवावा. कारण ज्याला नाव नाही त्याची खूणही डोळ्यांस दिसत नाही.

माग काढण्याची विद्या आपल्या भूमीस नवी नाही. दख्खनच्या खेड्यांत रखवालीचे काम करणारे रामोशी चोराच्या पावलांचा माग घेत शिवेपर्यंत जात, आणि तेथून पुढे तो माग पुढच्या गावाच्या रखवालदाराच्या हाती सोपविला जाई. माग आपल्या शिवेबाहेर निघाल्याचे दाखविता आले नाही तर जबाबदारी त्या गावावर राही. ‘मागमूस’, ‘मागावर असणे’, ‘माग लागणे’ हे शब्द आपण रोज उच्चारतो. ते शब्द मातीवरून आलेले आहेत. फासेपारध्यांची गोष्ट तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले, आणि १९५२ साली तो शिक्का कायद्यातून पुसला गेला. गावकऱ्यांच्या मनातून तो किती पुसला गेला हे आपण आपल्या वर्गात बसलेल्या पारधी मुलाकडे पाहून सांगावे. त्या मुलास वाचनपाठातील जोडाक्षर अडते. परंतु फुफाट्यावरचा ठसा दाखवा, तो कोणाचा, केव्हाचा, कोठून कोठे, हे ते मूल आपणांस सांगेल. धनगराच्या मुलाचेही तसेच. ज्या दिवशी हा पाठ घ्याल त्या दिवशी मागच्या बाकावरील मुलांस पुढे घ्यावे लागेल, ही गोष्ट मी अनेक शाळांत पाहिली आहे.

आता प्रत्यक्ष ठशाकडे वळू. पहिला प्रश्न असा की ठसा कुत्र्याच्या कुळातला की मांजराच्या? दोघांच्याही पावलाची चार बोटे उमटतात. पुढच्या पायास पाचवे बोट असते, पण ते वर असल्याने जमिनीस लागत नाही. मांजर, रानमांजर, बिबट्या हे सारे नखे आत ओढून चालतात. म्हणून त्यांच्या ठशात सहसा नखे दिसत नाहीत, आणि तळव्याच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची असते. कुत्र्याच्या कुळात नखे उमटतात, आणि ठसा गोल नसून लांबट असतो. तरसाचीही नखे उमटतात. पण तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा बराच मोठा असतो आणि ठसा एका बाजूस ओढल्यासारखा वेडावाकडा पडतो. एकदा पाहिला की तो विसरत नाही.

कुत्र्याचे कूळ ठरले की मग माप घ्यावे. मापासाठी नखे सोडून मोजण्याचा किंवा नखांसह मोजण्याचा एकच नियम धरावा आणि वहीत तो लिहून ठेवावा. नाहीतर दोन मुलांची मापे जुळत नाहीत आणि व्यर्थ भांडण होते. नखांसह धरले तर खोकडाचा ठसा साधारण चार सेंटिमीटर लांब, कोल्ह्याचा पाच-सहा, आणि लांडग्याचा आठपासून दहापर्यंत. परंतु ओल्या काळीत ठसा पसरतो, मुरमावर तो आखडतो, आणि उतारावर पाय घसरल्याने लांबतो. म्हणून एका ठशावर विसंबू नये. पाच-सहा ठसे मोजून सरासरी काढावी. सरासरीचा पाठ अभ्यासक्रमात आहेच. तो पुस्तकातल्या क्रिकेटच्या धावांवर शिकविण्यापेक्षा येथे शिकविला तर त्या सरासरीस काही काम पडते.

कोल्ह्याच्या पुढच्या पावलाची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींस जोडलेल्या असतात. माती बारीक आणि किंचित दमट असेल तर हा जोड स्पष्ट उमटतो. गावकुत्र्याच्या ठशात त्या दोन गाद्या सुट्या दिसतात. कोल्ह्याच्या आकाराची कुत्री गावात कितीतरी असतात, तेव्हा ही खूण फार उपयोगाची. खोकडाचा ठसा नाजूक, नखे बारीक टाचणीसारखी, आणि मधली दोन बोटे बाजूच्या बोटांपेक्षा बरीच पुढे.

लांडगा आणि मोठा कुत्रा यांचा भेद मात्र कठीण आहे. केवळ एक ठसा पाहून ‘हा लांडगाच’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मनुष्याचा मला भरवसा वाटत नाही. येथे ठसा सोडून माग पाहावा लागतो. गावकुत्रा चालतो तो उंडारत. तो रस्त्याच्या या कडेस हुंगतो, त्या कडेस जातो, मागे वळतो, त्याचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या शेजारी कोठेही पडते. त्याची बोटे फाकलेली असतात आणि नखे जाड व बोथट उमटतात. त्याच्या पोटाची सोय घरी झालेली असते. त्यास श्रम वाचविण्याची गरज नाही. लांडग्यास ती आहे. त्यास एका रात्रीत कित्येक कोस तोडावयाचे असतात. म्हणून त्याचा माग दोरी आखल्यासारखा सरळ जातो, आणि पुढचे पाऊल जेथे पडले तेथेच मागचे पडते. पुष्कळदा दोन लांडगे एकामागून एक गेले तरी वरवर पाहणाऱ्यास एकच माग दिसतो; पुढे वळणावर किंवा चिखलावर ते फुटून निघतात तेव्हा उलगडा होतो. आणि शेवटची कसोटी अशी की माग मागे मागे नेत जावा. कुत्र्याचा माग बहुधा वस्तीतून निघतो आणि वस्तीत संपतो. लांडग्याचा माग वस्तीच्या कडेने जातो, दारात येत नाही.

ठसा केव्हाचा, हे ओळखण्यासाठी घाई नको. सकाळी सूर्य खाली असताना ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहावे. सावलीमुळे प्रत्येक कंगोरा दिसतो. दुपारी बाराला तोच ठसा सपाट होतो आणि मुलांना वाटते की ‘येथे काहीच नाही’. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात. वारा सुटला की त्या ढासळतात आणि बारीक कचरा आत पडतो. दव पडून माती वर पापुद्र्यासारखी झाली असेल आणि ठशाने तो पापुद्रा फोडला असेल, तर जनावर दव पडल्यानंतर, म्हणजे पहाटे गेले. ठशावरूनच किड्याची किंवा मुंगीची बारीक नागमोडी रेघ गेली असेल तर जनावर तिच्या आधी गेले. मेंढ्यांचे खूर वर उमटले असतील तर कळप कधी गेला हे धनगरास विचारावे. वेळ मिनिटांत सापडते. ही सगळी अनुमाने मुलांकडून काढून घ्यावीत, आपण सांगू नयेत.

आता थोडे विष्ठेविषयी. काहींस हा विषय ओंगळ वाटेल, पण त्यावाचून हे शास्त्र अपुरे आहे. ही जनावरे विष्ठा आडोशास टाकीत नाहीत. वाटेच्या फाट्यावर, उंच दगडावर, गवताच्या ठोंबावर मुद्दाम ठेवतात. ती त्यांची पाटी होय. हद्द कोणाची ते वासावरून दुसऱ्यास कळते. लांडग्याच्या विष्ठेत केस भरपूर, पीळ पडलेला, हाडाच्या चुऱ्यामुळे वाळल्यावर पांढरट. कोल्ह्याच्या विष्ठेत या दिवसांत बोरांच्या आठळ्या हटकून सापडतात. खोकडाची लहान, आणि तीत शेणकिड्यांच्या व नाकतोड्यांच्या चकचकीत कवचांचे तुकडे, उंदरांचे केस, खेकड्याचे कवच. ज्याच्या विष्ठेत किड्यांची कवचे निघतात तो प्राणी शेतकऱ्याचे कोकरू नेत नसून उंदीर आणि नाकतोडे नेतो, हे एकदा मुलांच्या डोळ्यांस दिसले म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही.

परंतु येथे माझी निक्षून सूचना आहे. विष्ठेस हात लावू देऊ नये. लांब काडीने उकलावी, तोंड जवळ नेऊन हुंगू नये, आणि काडी तेथेच टाकून परत आल्यावर साबणाने हात धुवावेत. कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांच्या विष्ठेत एका फीतकृमीची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात, आणि त्या वर्षानुवर्षे कळत नाहीत. गावकुत्र्याच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे, म्हणून ही सूचना शाळेच्या अंगणासही लागू समजावी.

आता बिळाकडे येऊ. प्रथम हे सांगितले पाहिजे की प्रत्येक बीळ म्हणजे लांडग्याचे बीळ नव्हे, आणि गावकऱ्यांच्या समजुतीत यासंबंधी फार गोंधळ आहे. कित्येक लोक बीळ दिसले की ‘सशाचे’ म्हणतात. आपला ससा बीळ खणतच नाही. तो गवतात अंगाच्या मापाची खोलगट जागा करून बसतो. साळिंदराचे बीळ मोठे असते, त्याच्या तोंडाशी काटे गळलेले आणि कुरतडलेली हाडे पडलेली असतात. खोकड मात्र स्वतः खणणारा आहे. उघड्या माळावर, आखूड गवतात, थोड्या उंचवट्यावर किंवा बांधाच्या पोटात त्याचे घर असते, आणि त्याला एक नसून अनेक दारे असतात. दार वीतभर रुंद. कोल्हा जुनी बिळे, दरडीतल्या भेगा, मोऱ्या, उसाचे दाट फड, जे मिळेल ते वापरतो. मुंबईसारख्या शहराच्या खाडीकाठच्या कांदळवनातही तो राहतो, यावरून त्याची सोशिकता कळेल. लांडगी ओढ्याच्या मऊ दरडीत बीळ करते किंवा खोकडाचे, साळिंदराचे जुने बीळ रुंद करून घेते. ते दार दीड-दोन वितींहून कमी नसते.

बीळ शोधावयाचे ते भटकून नव्हे. मागाची दिशा आणि वेळ यांचा मेळ घालावा. संध्याकाळी निघालेला माग बिळापासून दूर जातो आणि फाटे फोडीत शिकारीस लागतो. पहाटेचा माग, विशेषतः पिल्ले असताना, थेट घराकडे जातो. त्यात वळणे कमी असतात. दोन-तीन सकाळी वेगवेगळ्या वाटांवरचे पहाटेचे माग पाहून वहीत बाण काढले, तर ते बाण कोठेतरी एकमेकांस छेदतात. त्या छेदाच्या आसपास बीळ असते. दिशांचा आणि नकाशावाचनाचा पाठ याहून चांगला मला दुसरा माहीत नाही. जसजसे जवळ जावे तसतशा पायवाटा दाट होतात. टिटवी एकाच जागेवर पुनःपुन्हा ओरडत घिरट्या घालू लागली तर तेथे लक्ष द्यावे. तिचे घरटे कदाचित तेथे असेल, पण कधी कधी ती जमिनीवरून चालणाऱ्या जनावराची वर्दी देत असते.

बीळ वापरात आहे की ओसाड, हे लांबूनच ओळखता येते. दाराशी ताज्या मातीचा पंख्यासारखा ढीग; दाराची कड येण्याजाण्याने गुळगुळीत झालेली; तिला अडकलेले केस; घोंघावणाऱ्या माश्या; पिसे, हाडे, खुराचा तुकडा; आणि भोवताली गवत मळल्यासारखे दडपलेले, कारण पिल्ले तेथे खेळतात. पिल्लांचे ठसे पाहिले की पाहणाऱ्याचे मन आपोआप मऊ होते. ते आईच्या ठशाभोवती गोंधळ घातल्यासारखे उमटलेले असतात. उलट दारावर कोळ्याचे जाळे असेल, वाळली पाने आत साचली असतील, तर घर रिकामे.

या टप्प्यावर थांबावे. येथून पुढे एक पाऊलही टाकू नये. शंभर पावलांहून जवळ जाऊ नये, आणि जमले तर त्याहूनही दुरून, बांधाआडून, वारा आपल्या तोंडावर येईल असे बसून पाहावे. माणसाचा वास आणि पावले बिळापाशी आढळली की मादी पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलविते, आणि त्या हलविण्यात काही पिल्ले दगावतात. अलीकडे भ्रमणध्वनीवर चित्रे घेण्याच्या हौसेने बिळाच्या तोंडाशी घोळका जमतो. त्याचा परिणाम धुरापेक्षा फार वेगळा होत नाही.

बीळ शोधण्याची ही विद्या उत्तर अमेरिकेत फार पुढे गेली, पण निराळ्या हेतूने. तेथे कोयोट नावाचा, आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान, असा प्राणी आहे. पिल्ले असतात तेव्हा तो त्यांच्या पोटासाठी कोकरे अधिक मारतो, म्हणून मेंढपाळांनी आणि सरकारी शिकाऱ्यांनी वसंतात त्याचा माग काढून, बिळे हुडकून, पिल्ले नाहीशी करण्याचे काम व्यवसाय म्हणून चालविले. १९३१ साली तेथे यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. कोयोट मात्र संपला नाही. पश्चिमेच्या माळांवरून निघून तो जवळजवळ साऱ्या खंडभर पसरला, मोठ्या शहरांतही शिरला. आपल्या लांडग्याचे तसे नाही. त्याच्या मागे एवढा विस्तार नाही आणि एवढी पिल्लेही नाहीत. शास्त्रज्ञांच्या अलीकडच्या अंदाजाप्रमाणे साऱ्या भारतात प्रौढ लांडगे सुमारे तीन हजार आहेत, म्हणजे वाघांच्या संख्येहून काही फार वेगळे नाहीत. वाघासाठी अभयारण्ये आहेत. लांडगा राहतो तो गायरानात, पडीक माळावर आणि आपल्या शिवारात. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, त्याच्या आश्रयाने लांडगाही राहिला आणि तेथे त्याचा अभ्यासही झाला. पण असा आश्रय थोडा. ‘पडीक’ हा शब्द महसुलाच्या दप्तरातला आहे, माळावरच्या प्राण्यांच्या दृष्टीने ती जागा पडीक नाही. शाळेच्या वृक्षारोपणासाठी जागा निवडताना, जेथे खोकडाची दारे दिसतात तो तुकडा वगळावा, एवढे मी येथेच सांगून ठेवतो.

कोकरू कोणी मारले याच्या निर्णयास पाऊलखुणा कशा उपयोगी पडतात, याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कोरडवाहू गावात वाड्यावर रात्री हल्ला होऊन तीन कोकरे मेली आणि चार-पाच जखमी झाली. लांडग्याचे नाव झाले. माळावरच्या एका बिळावर लोक निघाले. तेथील मुख्याध्यापकांनी सरपंचांस एक तासाची मुदत मागितली आणि सातवीतल्या दोन मुलांना, त्यांतला एक पारध्याचा, वाड्यावर नेले. मुलांनी प्रथम जखमा पाहिल्या. लांडगा बहुधा गळा धरतो आणि शिकार उचलून नेतो. येथे मांड्या, शेपट्या, कान, जेथे दात बसला तेथे चावे होते, आणि एकही कोकरू नेलेले नव्हते. मग ठसे पाहिले. चार निरनिराळ्या मापांचे, बोटे फाकलेले, वाड्याभोवती पळापळ केलेले. माग मागे नेला तो गावाबाहेर जेथे मेलेली जनावरे आणि खाटिकखान्याची घाण टाकतात तेथे पोहोचला. शेवटी बीळ पाहिले. दार वीतभर, दाराशी विष्ठेत किड्यांची कवचे. वृद्ध मेंढपाळाने ते पाहून काठी खाली टेकली आणि म्हणाला, “यात लांडगा शिरायचा कसा, पोरांनो? त्याचं डोकंच मावायचं नाही.” त्या वर्षी ते बीळ राहिले. गावाने घाण टाकण्याची जागा बदलली की नाही, तो ग्रामपंचायतीचा विषय.

येथे एक न्याय राखला पाहिजे. लांडगा मेंढरू मारतो, हे खरे आहे. ते नाकारून धनगरापुढे प्राणिप्रेमाचे व्याख्यान देणे मला योग्य वाटत नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत जाते त्याचा राग समजून घ्यावा. पण वन्य प्राण्याने जनावर मारल्यास शासनाकडून नुकसानभरपाई मिळते, आणि ती मिळण्यासाठी वनखात्याचा पंचनामा लागतो. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू नये, ठसे तुडवू नयेत, ठशांवर पाटी किंवा घमेले पालथे घालून ठेवावे, आणि वनखात्यास ताबडतोब कळवावे. १९२६ हा त्यांच्या मदतीचा क्रमांक आहे. ज्या गावात ठसे राखले जातात तेथे धनगराचे काम सोपे होते. माग वाचणारा विद्यार्थी अशा वेळी लांडग्याच्या आणि धनगराच्या, दोघांच्याही उपयोगी पडतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या तिन्ही प्राण्यांस संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडणे, पिल्लू घरी आणून पाळणे, हे सर्व गुन्हे होत. मुले पिल्लू घरी आणतात ती दुष्टपणाने नव्हे, ‘आई नाही, एकटेच आहे’ म्हणून. आई बहुधा शिकारीस गेलेली असते आणि दुरून पाहत असते. ऊसतोडणीत सापडलेले बिबट्याचे बछडे वनखाते त्याच जागी ठेवते आणि रात्री मादी येऊन घेऊन जाते, हे आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून आता लोकांनी पाहिले आहे. तोच नियम येथे. आणि पिसाळण्याचा धोका कधीही विसरू नये. दिवसाढवळ्या, भय न बाळगता अंगावर येणारा, लाळ गळणारा, झोकांड्या खाणारा कोल्हा किंवा लांडगा दिसला तर मुलांनी जवळ जाऊ नये आणि मोठ्यांस सांगावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन, हळद-चुना न लावता, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. लसीस उशीर करू नये.

आता वर्गातील काम. शाळेच्या कुंपणाबाहेर, जेथे रहदारी कमी, तेथे दोन हात लांबीरुंदीचा तुकडा खुरप्याने मोकळा करून त्यावर चाळलेली माती बोटभर पसरावी आणि संध्याकाळी झाडूने सपाट करावी. सकाळी त्यावर काय उमटले ते मुलांनी प्रार्थनेपूर्वी पाहावे, मोजावे, खऱ्या मापाने वहीत काढावे. प्रारंभी गावकुत्रा, मांजर, मुंगूस, कोंबडी आणि गुरुजींची चप्पल एवढेच उमटेल. काही हरकत नाही. कुत्र्याचा ठसा शंभर वेळा पाहिल्यावाचून कोल्ह्याचा ओळखू येत नाही. चांगला ठसा मिळाला तर त्याभोवती जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाची पट्टी वाटोळी रोवावी, प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात भज्याच्या पिठाइतके दाट कालवून हळूच ओतावे, आणि अर्धा तास हलवू नये. निघालेला साचा सुकल्यावर त्यावर तारीख, जागा आणि ज्या मुलाने तो शोधला त्याचे नाव लिहावे. पारध्याच्या मुलाचे नाव असे एखाद्या वस्तूवर प्रथमच लिहिले जात असेल, तेव्हा अक्षर नीट काढावे.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आयुष्यभर रानातल्या लोकांकडून प्राण्यापक्ष्यांचे शब्द गोळा केले. आपल्या केंद्रातही असे शब्द आहेत. मातीच्या प्रकारांना, मागाच्या प्रकारांना, बिळाच्या तोंडाला धनगर आणि पारधी काय म्हणतात ते मुलांनी आजोबा-आजींस विचारून एका वेगळ्या वहीत लिहावे. शब्द प्रमाण भाषेत ‘सुधारून’ लिहू नयेत. जसा उच्चारला तसाच लिहावा.

पुढील शिक्षण परिषद फाल्गुनात आहे. प्रत्येक शाळेने एक ठशांची वही, एक शब्दांची वही आणि साधले तर एक-दोन साचे आणावेत. वहीत बिळाची नोंद असल्यास गट क्रमांक, शेतकऱ्याचे नाव किंवा वाटेचा नकाशा देऊ नये. ‘आमच्या शिवारात एक बीळ, खोकडाचे, वापरात’ एवढे पुरे. प्लास्टरचा खर्च शाळेच्या सादिलातून करता येईल. पावती मात्र जपून ठेवावी.